अक्कांची कानडी

राजारामपुरीत वाट चुकणे ही तशी अवघड गोष्ट आहे. इथल्या गल्ल्यांना आकडे आहेत. पहिली, दुसरी, तिसरी असे मोजत गेले की माणूस आपोआप आपल्या दारात येऊन उभा राहतो. पाहुण्याला पत्ता सांगताना आम्हांला वड, पिंपळ, देऊळ असल्या खुणा द्याव्या लागत नाहीत. गल्लीचा नंबर सांगितला की काम झाले. अशा या वस्तीत साठ वर्षे संसार केलेल्या आमच्या सासूबाई चार वर्षांपूर्वी एका सकाळी दोन गल्ल्यांच्या मध्ये हरवल्या.

हरवल्या म्हणजे अर्ध्या तासापुरत्याच. कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवालीने त्यांना हाताला धरून घरी आणले. ती बाई गोकाककडची. म्हणाली, “आजी मला कानडीत विचारत होत्या, घर कुठं आहे म्हणून. मी म्हटलं, कुठलं घर? तर म्हणाल्या, नदीकडचं.”

आमच्या घराजवळ नदी नाही. नदी आहे ती सासूबाईंच्या माहेराला, संकेश्वराजवळ. हिरण्यकेशी.

सासूबाईंना सगळे घर अक्का म्हणते. १९६० साली एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या कोल्हापुरात आल्या, तेव्हा त्यांना मराठी अगदी जेवणापुरते येत होते. ‘भाकरी दे’, ‘पाणी आण’ एवढेच. कानडी माणसाला मराठीतले स्त्रीलिंग-पुल्लिंग म्हणजे मोठे संकट. ‘तो भाकरी’ आणि ‘ती दूध’ म्हणत अक्कांनी पहिले वर्ष काढले आणि सगळ्या नणंदांची करमणूक केली. त्या हसण्याचा परिणाम असा झाला की अक्का मराठी पक्के शिकल्या आणि आपल्या मुलांना त्यांनी कानडीचा एक शब्दही शिकवला नाही. मामा आला की स्वयंपाकघरात हळू आवाजात कानडी चाले. मामा गेला की ती भाषाही त्याच्याबरोबर एस. टी.त बसून जाई. मी सून म्हणून आले तेव्हा अक्कांचे मराठी इतके अस्सल कोल्हापुरी होते, की त्या मूळच्या कानडी आहेत हे मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळले.

तीच कानडी आता परत आली आहे. आधी एखादा शब्द येई. पाण्याला ‘नीरु’, पुरे म्हणायला ‘साकु’. मग वाक्ये येऊ लागली. गेल्या वर्षापासून संध्याकाळ झाली की अक्का जवळजवळ कानडीतच बोलतात आणि मराठी बोलणाऱ्याकडे परगावच्या पाहुण्याकडे पाहावे तसे सौजन्याने पाहतात.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. भले गृहस्थ होते. त्यांनी अक्कांना तारीख विचारली. अक्का म्हणाल्या, “तिथी सांगू का तारीख?” डॉक्टर हसले आणि म्हणाले, “तिथी सांगा.” तिथी मात्र त्यांना सांगता आली नाही. मग तीन वस्तूंची नावे सांगून ती थोड्या वेळाने पुन्हा विचारली. अक्कांना त्यांतले एकही आठवले नाही. आपल्याला काही सांगितले होते हेही आठवले नाही. रक्त तपासले, मेंदूचा फोटो काढला, आणि शेवटी डॉक्टरांनी ते नाव उच्चारले. अल्झायमर.

नावाला एक वजन असते. ‘म्हातारपण’ म्हटले की शेजारीपाजारी मान डोलावतात. ‘अल्झायमर’ म्हटले की खुर्ची पुढे ओढतात. त्या दिवसापासून मी या नावाचा माग काढायला लागले. मी शाळेत तीस वर्षे गणित शिकवले आहे. एखादी गोष्ट समजली नाही की ती उलगडून पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही.

हे नाव एका जर्मन डॉक्टरांचे. १९०१ सालच्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ऑगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. आलोइस अल्झायमर तिच्याशी रोज बोलत आणि तिची उत्तरे लिहून ठेवत. नाव काय, नवऱ्याचे नाव काय, आता काय खाते आहेस. ती गोंधळे, आणि मी स्वतःलाच हरवून बसले आहे अशा अर्थाचे काहीतरी म्हणे. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्झायमर यांनी ट्युबिंगेनच्या सभेत आपले निरीक्षण मांडले. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. सभेत कुणी त्यावर चर्चासुद्धा केली नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन या त्यांच्या वरिष्ठांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

ती पुटे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची आणि तो गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा, हे कळायला पुढे कित्येक दशके जावी लागली. गुंता बहुधा लवकरच गाठतो तो मेंदूतला हिप्पोकँपस नावाचा भाग. नव्या आठवणींची नोंद इथे होते. म्हणजे असे समजा, की घरातला जमाखर्च लिहिणारा कारकून आजारी पडला आहे. आजची नोंद होत नाही. पण कपाटातल्या जुन्या वह्या बराच काळ शाबूत राहतात. सकाळी काय खाल्ले ते अक्कांना ठाऊक नसते. माहेरच्या म्हशीचे नाव मात्र तोंडपाठ असते. कानडीही त्या जुन्या वह्यांतलीच.

परदेशात विद्यापीठांतून या रोगाची खास संशोधन केंद्रे आहेत. अमेरिकेत सरकारी मदतीने अशी केंद्रे १९८४ पासून उभी राहू लागली. त्यांची कामाची रीत वाचून मला फार नवल वाटले. मला वाटे, तिथे फक्त नळ्या आणि यंत्रे असतील. पण तिथे मुख्य काम चालते ते प्रश्न विचारण्याचे. आजारी माणसांना बोलावतात, तशी धडधाकट माणसेही बोलावतात, आणि वर्षानुवर्षे दरवर्षी त्याच माणसांना तेच प्रश्न विचारतात. शिवाय प्रत्येकाबरोबर एक सोबती लागतो: बायको, नवरा, मुलगी, मैत्रीण. कारण ज्याची आठवण जाते आहे त्याला ती जाते आहे हे पुष्कळदा कळत नाही. ते सोबत्याला कळते. म्हणजे या शास्त्रात घरच्या माणसाची साक्ष पुराव्यात धरली जाते. हे वाचल्यावर मी एक शंभर पानी वही आणली आणि अक्कांच्या नोंदी करायला सुरुवात केली.

केंटकी विद्यापीठातल्या डेव्हिड स्नोडन यांनी तर ६७८ जोगिणींचा अभ्यास केला. सगळ्या एकाच ख्रिस्ती संघातल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. दरवर्षी त्यांची परीक्षा घ्यायची, आणि मृत्यूनंतर त्यांनी आपला मेंदू अभ्यासासाठी द्यायचा. त्यांतल्या सिस्टर मेरी एकशे एक वर्षे जगल्या आणि शेवटपर्यंत परीक्षेत उत्तम गुण मिळवत राहिल्या. त्यांचा मेंदू पाहिला तर त्यात रोगाच्या खुणा मुबलक! घराच्या भिंतीला भेगा, पण संसार व्यवस्थित चालू. शास्त्रज्ञ म्हणतात, अशा माणसांच्या मेंदूत काही गंगाजळी साठलेली असते. तीवर तो पुष्कळ काळ तग धरतो.

आपल्याकडे असले काम होत नाही असे समजू नका. नव्वदीच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात आपल्या आणि पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी मिळून खेडोपाडी म्हाताऱ्यांची पाहणी केली. पहिली अडचण आली ती प्रश्नपत्रिकेची. अमेरिकेतली प्रश्नपत्रिका शाळा शिकलेल्यांसाठी. इथे पुष्कळांना अक्षरओळख नाही. ज्याने जन्मात पेन्सिल धरली नाही त्याला ‘एक वाक्य लिहा’ म्हणून नापास कसे करायचे? म्हणून ती परीक्षा हिंदीत, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही देता येईल अशी नव्याने बेतली गेली. तीस वर्षे पेपर तपासलेल्या मला ही गोष्ट फार पटली. विद्यार्थी नापास झाला की एकदा प्रश्नपत्रिकाही तपासावी.

बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात मेंदू संशोधन केंद्र आहे. विजयलक्ष्मी रवींद्रनाथ तिथल्या संस्थापक संचालक. हे केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या खेडुतांचा अभ्यास करते. दहा हजार माणसे घ्यायची आणि वर्षानुवर्षे त्यांच्या मागे राहायचे, असा संकल्प. सगळ्या देशाची मोजदाद करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा असा, की साठीच्या पुढच्या शंभरांतल्या सातांहून अधिक माणसांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. एवढ्या माणसांपैकी कितीजणांच्या घरी ‘वय झालं, आता असंच चालायचं’ एवढेच बोलून विषय मिटत असेल!

पण माझ्या वहीत मी लाल शाईने चौकट केली आहे ती हैदराबादच्या अभ्यासाभोवती. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली आणि ती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांना रोगाने सरासरी ६१.१ व्या वर्षी गाठले, दोन भाषावाल्यांना ६५.६ व्या वर्षी. साडेचार वर्षांचा फरक! आणि तो निरक्षर माणसांतही दिसला. म्हणजे ही शाळेची पुण्याई म्हणता येत नव्हती. तीन भाषा येणाऱ्याला दोनवाल्यापेक्षा जास्त काही मिळत नाही, हेही त्यात होते. दोन भाषा बोलणारा सतत एक बाजूला सारून दुसरी पुढे करत असतो. या रोजच्या तालमीने मेंदूची गंगाजळी वाढत असावी, असा तर्क आहे.

मी हे आमच्या ह्यांना वाचून दाखवले. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. आकड्यांना सहजासहजी भुलत नाहीत.

“म्हणजे अक्काला साडेचार वर्षं कानडीनं दिली म्हणतेस?”

“असं एका माणसाबद्दल म्हणता येत नाही. ती सरासरी आहे.”

“मग आपल्याला तिचा उपयोग काय?”

प्रश्न बरोबर होता. सरासरी ही कुणाच्याच घरी राहायला येत नाही. धरणाचा सरासरी पाऊस वहीत असतो. शेत भिजते ते पडलेल्या पावसाने. तरीही मी त्या रात्री हिशेब मांडला. अक्कांच्या शेवटच्या चांगल्या साडेचार वर्षांत काय काय झाले? नातीचे लग्न झाले, त्यात त्यांनी रुखवत स्वतः मांडले. पणतू झाला, त्याला तेल लावून न्हाऊ घातले. मोठ्या वन्संच्या आजारपणात तीन महिने रोज डबा पाठवला. ही वर्षे कानडीने दिली असे मी म्हणणार नाही. पण ज्या भाषेला या घराने हसून गप्प केले, तिच्याकडे आता आम्ही जरा आदराने पाहतो, एवढे खरे.

आणि मी कानडी शिकायला लागले. साठाव्या वर्षी! गुरुजी म्हणजे तीच कोपऱ्यावरची भाजीवाली. फी म्हणून रोजची भाजी तिच्याकडूनच घ्यायची. ‘बा’ म्हणजे ये, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘सोसे’ म्हणजे सून. तूप, अक्का, अण्णा हे शब्द मराठीत कानडीतूनच आले म्हणतात. तेव्हा थोडी शिदोरी माझ्याकडे आधीपासूनच होती. याने माझे स्मरण टिकेल अशी मला आशा नाही. पण अक्का संध्याकाळी घाबऱ्याघुबऱ्या होऊन दार उघडायला लागल्या की मराठीतल्या दहा वाक्यांनी जे होत नाही ते ‘बा अक्का’ या दोन शब्दांनी होते. त्या वळतात आणि येऊन बसतात.

सांभाळणाऱ्या माणसाचा विचार कुणी शास्त्रज्ञ करतो का, असा प्रश्न मला पडे. करतो, आणि तोही आपल्या शेजारी, गोव्यात. डॉ. अमित डायस आणि ‘संगथ’ संस्थेच्या मंडळींनी दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबे घेतली. त्यांतल्या निम्म्या घरी गावातल्याच, थोडे प्रशिक्षण दिलेल्या बायका नियमित जात. रोग काय आहे ते सांगत, रागावलेल्या म्हाताऱ्याशी कसे बोलावे ते दाखवत, घरच्यांत काम कसे वाटून घ्यावे ते सुचवत. गरज लागली तर वर डॉक्टर होतेच. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या घरी अशी मदत गेली तिथे सांभाळणाऱ्यांचे मन पुष्कळ हलके झाले. रोग्याचा रोग गेला नाही. पण त्याच्या उशाशी बसलेला माणूस तरला.

आमच्या गल्लीत अशी कुणी प्रशिक्षित बाई येत नाही. पण तो अभ्यास वाचून आम्ही घरात बैठक घेतली. दुपारचे दोन तास ह्यांचे, रविवार दिरांचा, आंघोळ आणि जेवण माझे. रिक्षा स्टँडवरच्या मुलांना आणि किराणावाल्याला अक्का दाखवून ठेवल्या. त्यांच्या गळ्यातल्या लॉकेटमध्ये आमचा फोन नंबर घातला. रोग लपवायचा नाही, असे ठरले. ज्या अर्थी गल्लीला नंबर आहे त्या अर्थी गल्लीला आपली माणसेही ठाऊक असावीत.

आता राहिली ती आमच्या घरात सगळ्यांत कमी बोलली जाणारी गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात ह्यांना किल्ली सापडेना. किल्ली काय, कुणालाही सापडत नाही. पण हे पलंगावर बसले आणि म्हणाले, “माझंही तसंच होणार का गं?”

मी वहीत शोधून सांगितले. सरळ पिढीजात उतरणारा प्रकार फार विरळा, आणि तो बहुधा लवकरच्या वयात दिसतो. अक्कांसारख्या उतारवयातल्या रोगात एक जनुक धोका वाढवतो. पण तो असला म्हणजे रोग होतोच असे नाही, आणि नसला म्हणजे होत नाही असेही नाही. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत या रोगाच्या निदानाला मदत करणाऱ्या रक्ताच्या तपासणीला पहिली सरकारी मान्यता मिळाली; पण ती ज्यांना त्रासाची लक्षणे आहेत त्यांच्यासाठी. २०२३ मध्ये लेकानेमॅब नावाच्या औषधाला तिथे मान्यता मिळाली. ते अमायलॉइडची पुटे काढते. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने घसरण सुमारे सत्तावीस टक्क्यांनी मंद केली. गेलेली आठवण ते परत आणत नाही. ते अगदी सुरुवातीच्या रोग्यांनाच देतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो म्हणून वारंवार फोटो काढावे लागतात. अक्कांची ती वेळ निघून गेली आहे.

“आणि माझी?” हे म्हणाले.

तेव्हा मी त्यांना ‘लॅन्सेट’च्या मंडळाने २०२४ मध्ये दिलेली यादी वाचून दाखवली. चौदा गोष्टी. त्या सगळ्या आवरल्या तर जगातले जवळजवळ पंचेचाळीस टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा अंदाज. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, लठ्ठपणा, बसून राहणे, डोक्याला मार, उदासीनता, एकटेपणा, अपुरे शिक्षण, हवेतली घाण, कमी ऐकू येणे, कमी दिसणे. ह्यांनी प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण केली, जणू धरणाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रकच. ‘कमी ऐकू येणे’ या शब्दांपाशी थांबले. दोन वर्षे मी कानाच्या यंत्राबद्दल बोलत होते. ते ऐकू येत नव्हते किंवा ऐकायचे नव्हते. पुढच्याच आठवड्यात यंत्र आले. आता त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, आणि माझी कानडीही ऐकू येते. परवा ते उगाच म्हणाले, “सोसे म्हणजे सून ना? मग मुलगा म्हणजे काय?” मी म्हटले, “मगा.” ते अक्कांच्या खोलीत गेले आणि तो शब्द त्यांनी आईपुढे एकदा म्हणून पाहिला. अक्का बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. ओळखले की नाही, देव जाणे. पण गालावरून हात फिरवला.

दिवाळीचे फराळाचे सुरू झाले आहे. अक्कांना कोणता सण आहे हे सांगता येत नाही. पण पुढ्यात पारी ठेवली की त्या करंजीला मुरड घालतात, आणि ती मुरड अजून माझ्या मुरडीपेक्षा सुबक असते. हातांची आठवण मेंदूत वेगळ्या जागी असते आणि ती उशिरा जाते, असे शास्त्र सांगते. वहीत मी तशी नोंद केली आहे, तारखेसह.

रात्री सगळ्यांचे उरकून मी त्यांच्या खोलीत दिवा मालवायला जाते. माझे नाव त्यांना आठवत नाही. मी त्यांची धाकटी बहीण आहे असे बहुतेक दिवशी त्यांना वाटते. रोज रात्री त्या एकच प्रश्न विचारतात.

“ऊट आयता?”

जेवलीस का? दिवसभर या घरात मी सगळ्यांना जेवायला वाढते. मला हे विचारणाऱ्या एकट्या अक्काच. मी म्हणते, “आयतु अक्का, नीवु मलगरी.” झाले, तुम्ही झोपा. आणि मग त्या झोपतात.